परदेशी ग्राहकाला डिजिटल माल विकताना कर, डेटा आणि कॉपीराइटचे नियम कसे सांभाळावेत

डिजिटल मालाला सीमेवर कोणी अडवत नाही. ई-पुस्तक, फॉन्ट, ऑनलाइन कोर्स, महिन्याच्या वर्गणीवर चालणारं ॲप, काहीही असो. घेणारा कोणत्या देशात बसलाय हे विकणाऱ्याला बहुतेक वेळा पैसे जमा झाल्यावरच कळतं. कायदा मात्र त्याच प्रश्नापासून सुरू होतो. कर बहुधा ग्राहकाच्या देशाचा लागतो. वैयक्तिक माहितीचा कायदा, ती माहिती ज्याची आहे तो जिथे आहे तिथला लागतो. कॉपीराइट तर फाइल ज्या ज्या देशात पोहोचते त्या प्रत्येक देशात वेगळा मोजला जातो. सर्व्हर कुठे आहे हा प्रश्न या सगळ्यांत शेवटी येतो. लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात आणि 'सर्व्हर युरोपात घेतलाय, म्हणजे झालं' अशा समजुतीवर वर्षानुवर्षं धंदा करतात.

खाली दिलेली पद्धत एकट्याने किंवा चार-पाच जणांनी चालवलेल्या धंद्याला पेलेल अशी आहे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी तक्ता, मग कर, मग डेटा, मग कॉपीराइट. तक्ता न करता थेट वकिलाकडे गेलात तर पहिले काही तास तोच तक्ता बनवण्यात जातात आणि त्याचे पैसे तुम्ही भरता.

पहिलं काम: तीन पानांचा तक्ता

एका स्प्रेडशीटमध्ये तीन पानं करा.

पहिल्या पानावर गेल्या १२ महिन्यांची विक्री देशवार लिहा. पेमेंट गेटवेच्या अहवालातून कार्ड कोणत्या देशाचं होतं ते मिळतं. प्रत्येक देशासमोर चार आकडे हवेत: एकूण रक्कम, व्यवहारांची संख्या, त्यांतले सामान्य ग्राहक किती आणि नोंदणीकृत व्यवसाय किती. अमेरिकेसाठी राज्यवार वेगळी ओळ करा, कारण तिथे विक्रीकर राज्यांचा असतो.

दुसऱ्या पानावर माहिती लिहा. प्रत्येक सेवेची एक ओळ. उदाहरणादाखल मदत-चॅटची ओळ अशी दिसते: माहिती कोणती, तर नाव, ईमेल आणि ग्राहकाने पाठवलेले स्क्रीनशॉट, कोणाची, तर जर्मनी, भारत आणि ब्राझीलमधल्या ग्राहकांची, मूळ साठा आयर्लंडमध्ये, बॅकअप अमेरिकेत, उघडून बघणारे दोघे, एक फिलिपिन्समधून, एक भारतातून, किती दिवस ठेवतो, तर 'कायम', कारण मुदत कोणी घातलीच नाही. या एका ओळीत पुढच्या चार कामांची यादी तयार झाली: बॅकअपचा देश, परदेशातून उघडणाऱ्यांसाठी करार, पुसण्याची मुदत, आणि स्क्रीनशॉटमध्ये ग्राहक नकळत काय काय पाठवतो याचा विचार.

या पानावर हमखास सुटणाऱ्या जागा सांगून ठेवतो: त्रुटी नोंदवणारी सेवा, जिच्यात वेब-पत्त्याबरोबर ईमेलही नोंदला जातो, न्यूजलेटरची सेवा, संकेतस्थळाला येणाऱ्या भेटींची आकडेवारी, चाचणीसाठी उतरवलेली खऱ्या डेटाबेसची प्रत, आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवर पडून असलेली ग्राहकांची यादी. गळती झाली की माहिती बहुधा यांपैकीच एखाद्या जागेतून गेलेली असते.

तिसऱ्या पानावर तुमच्या मालातला प्रत्येक घटक लिहा: मजकूर, चित्र, फॉन्ट, पार्श्वसंगीत, कोड. कोणी केला, कागद कोणता आहे, किती वर्षांसाठी, कोणत्या देशांसाठी. कागद नसेल तर रकाना रिकामाच ठेवा. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

कर: घरचा शून्य म्हणजे तिकडचा शून्य नाही

इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या मालावर सीमाशुल्क लावायचं नाही, हा जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांचा १९९८ पासूनचा समझोता. त्याची मुदत संघटनेच्या मंत्रिपरिषदांत वेळोवेळी वाढवली जात आली. २०२४ मध्ये अबू धाबीत मुदत वाढवताना मात्र, पुढची परिषद किंवा ३१ मार्च २०२६, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच, अशी अट घातली गेली. ज्या देशात तुमची विक्री मोठी आहे तिथलं सीमाशुल्काचं धोरण म्हणूनच वर्षातून एकदा पाहून घ्या. या समझोत्याचा देशांतर्गत करांशी मात्र काही संबंध नाही. व्हॅट, जीएसटी, विक्रीकर हे लागतातच.

भारतातून विकणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. सेवा निर्यातीवर भारतात जीएसटीचा दर शून्य. त्यासाठी दर आर्थिक वर्षी लेटर ऑफ अंडरटेकिंग (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरावं लागतं आणि पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिली असेल तिथे रुपयात यावे लागतात. इतकं झालं की कर संपला असं वाटतं. पण तो शून्य भारताचा. ग्राहक फ्रान्समध्ये असेल तर फ्रान्सचा व्हॅट उरतोच.

युरोपीय संघाचा नियम असा: सामान्य ग्राहकाला इलेक्ट्रॉनिक सेवा विकली की कर ग्राहकाच्या देशाच्या दराने. हे १ जानेवारी २०१५ पासून सर्वांना लागू आहे. १०,००० युरोंपर्यंत सूट आहे असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, पण ती संघाच्या आत स्थापन झालेल्या विक्रेत्यांसाठी. बाहेरून विकणाऱ्याला पहिल्या विक्रीपासून कर लागतो. २७ देशांत २७ नोंदण्या करायची गरज नाही. १ जुलै २०२१ पासून वन स्टॉप शॉपच्या 'नॉन-युनियन' योजनेत कोणत्याही एका देशात नोंदणी करून सगळीकडचा कर एकत्र भरता येतो. इंग्रजीत कागदपत्रं चालावीत म्हणून पुष्कळ जण आयर्लंड निवडतात. रिटर्न तिमाही, आणि तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीस भरायचं. विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. हे विसरून सलग तीन तिमाहींची स्मरणपत्रं दुर्लक्षित केली, की योजनेतून काढलं जातं आणि दोन वर्षं परत घेत नाहीत. मग खरोखरच देशागणिक नोंदणी करावी लागते.

किंमत कशी लिहिता यालाही महत्त्व आहे. युरोपातल्या सामान्य ग्राहकाला दिसणारी किंमत करासहित हवी. तुम्ही सरसकट २० युरो लावले तर हंगेरीच्या २७ टक्के दराने तुमच्या हातात १५.७५ युरो येतात, लक्झेंबर्गच्या १७ टक्क्यांनी १७.०९. नफ्याचं गणित हंगेरीच्या आकड्यावर करा.

ग्राहक कोणत्या देशातला हे सिद्ध करायला एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे जपायचे असतात: बिलाचा पत्ता, आयपी पत्ता, बँक किंवा कार्डाचा देश, सिमकार्डाचा देश यांपैकी कोणतेही दोन. बिलाचा पत्ता पोलंडचा आणि आयपी नेदरलँड्सचा आला तर तिसरा पुरावा पाहा. व्हीपीएनमुळे (खरा आयपी पत्ता लपवणाऱ्या सेवेमुळे) असे प्रसंग रोज येतात, म्हणून कार्डाचा देश विक्रीच्या क्षणीच नोंदवून ठेवा. गेटवे नंतर तो देईलच असं नाही. हे सगळं १० वर्षं जपायचं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, डेटाच्या भागात तो परत लागेल.

ग्राहक व्यवसाय असेल तर बहुतेक वेळा कर तोच भरतो. पण त्याने आपला व्हॅट क्रमांक दिला पाहिजे, तुम्ही तो संघाच्या व्हीआयईएस संकेतस्थळावर तपासला पाहिजे आणि तपासणीची पावती जपून ठेवली पाहिजे. क्रमांक न देणाऱ्या 'कंपनी'ला सामान्य ग्राहक धरा.

ब्रिटन आता संघात नाही. तिथे स्वतंत्र नोंदणी, परदेशी विक्रेत्याला किमान मर्यादा नाही, दर २० टक्के. भारतात बाहेरून विकणाऱ्यालाही हीच रीत: नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ऑनलाइन सेवा दिली की १८ टक्के आयजीएसटी आणि दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीआर-५ए हे रिटर्न. ऑक्टोबर २०२३ पासून या सेवांच्या व्याख्येतून 'माणसाचा सहभाग अगदी कमी' ही अट निघाली आहे, त्यामुळे शिक्षक थेट शिकवतो असा ऑनलाइन वर्गही आता त्यात येऊ शकतो.

अमेरिकेत केंद्राचा विक्रीकर नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर निकालानंतर राज्यं बाहेरच्या विक्रेत्यालाही नोंदणीची सक्ती करू शकतात. बऱ्याच राज्यांत वर्षाला १ लाख डॉलरची मर्यादा आहे, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ५ लाखांची. काही राज्यांत व्यवहारांची संख्याही मोजतात, म्हणून पहिल्या पानावर तो रकाना ठेवायला सांगितला. शिवाय डाउनलोडवर कर आहे की नाही हेही राज्यागणिक बदलतं: टेक्सासमध्ये आहे, कॅलिफोर्नियात केवळ डाउनलोड केलेल्या मालावर नाही.

हे सगळं डोईजड वाटत असेल तर कायदेशीर विक्रेता दुसऱ्याला करा. 'मर्चंट ऑफ रेकॉर्ड' म्हणून काम करणाऱ्या सेवा ग्राहकाच्या बिलावर स्वतःचं नाव घालतात आणि कर स्वतः भरतात. मोठी ॲप-स्टोअरही बहुतेक देशांत हेच करतात. साध्या पेमेंट गेटवेपेक्षा दलाली जास्त जाते. चार-पाचपेक्षा जास्त देशांत थोडी थोडी विक्री असेल तर माझ्या मते ती दलाली द्यावी. मात्र करारात 'कर गोळा करून भरतो' असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. फक्त कर मोजून देणाऱ्या सेवाही मिळत्याजुळत्या नावांनी विकल्या जातात, आणि मोजलेला कर भरायची जबाबदारी तुमच्याकडेच राहते. डेटा आणि कॉपीराइटची जबाबदारी तर कोणीच घेत नाही.

चेकआउटवरची एक टिक

युरोपीय संघात दूरस्थ खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. डाउनलोड होणाऱ्या मालात हा हक्क संपतो, पण तीन गोष्टी झाल्या तरच: माल लगेच द्यावा अशी ग्राहकाची स्पष्ट संमती; लगेच घेतल्याने रद्द करायचा हक्क जातो हे त्याने मान्य करणं; आणि या दोन्हींची पोच ईमेलने पाठवणं. म्हणून पैसे देण्याच्या बटणाच्या वर, आधीपासून टिक न केलेला एक चौकोन ठेवा. मजकूर साधा असावा: 'मला फाइल लगेच हवी आहे आणि ती मिळू लागताच खरेदी रद्द करण्याचा माझा हक्क संपेल हे मला मान्य आहे.' टिक विसरलात तर ग्राहक पूर्ण कोर्स उतरवून घेऊन तेराव्या दिवशी पैसे परत मागू शकतो आणि ते द्यावे लागतात. रद्द करण्याच्या हक्काची माहितीच दिली नसेल तर ही मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. बटणावर 'पुढे जा' असं लिहून चालत नाही. ते दाबलं की पैसे द्यावे लागतील हे त्याच बटणावर दिसायला हवं. जिथे रद्द करायचा हक्क शाबूत आहे तिथे १९ जून २०२६ पासून रद्द करण्याचं बटणही संकेतस्थळावरच द्यावं लागतं.

वर्गणीवर चालणारी ऑनलाइन सेवा बहुधा 'सेवा' धरली जाते. तिथे १४ दिवसांचा हक्क टिकून राहतो. लगेच सुरू करायची संमती घेतलेली असेल तर वापरलेल्या दिवसांपुरते पैसे कापता येतात.

डेटा: कुठे ठेवला, कोण उघडतं, किल्ली कोणाकडे

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे तिथला वैयक्तिक माहितीचा कायदा, तुम्हाला लागू होतो का? संकेतस्थळ तिथून उघडतं एवढ्याने नाही. तिथल्या लोकांना विकायचा तुमचा इरादा दिसला पाहिजे: युरोत किंमत, तिथल्या भाषेत पान, तिथल्या ग्राहकांचे अभिप्राय, तिथे दाखवलेल्या जाहिराती. इरादा असेल आणि संघात तुमचं कार्यालय नसेल तर कलम २७ प्रमाणे तिथे लेखी प्रतिनिधी नेमायचा आणि गोपनीयतेच्या पानावर त्याचं नाव द्यायचं. विक्री अधूनमधून, किरकोळ आणि निरुपद्रवी असेल तर सूट आहे. दरमहा वर्गणी घेणारी सेवा 'अधूनमधून' म्हणता येत नाही.

आता 'डेटा बाहेर पाठवणं' म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जर्मनीतल्या ग्राहकाने स्वतः तुमच्या फॉर्ममध्ये नाव-पत्ता भरला, तर युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मते ते हस्तांतरण ठरत नाही. कायदा तरीही पूर्ण लागू असतो. पण एखाद्या युरोपीय कंपनीसाठी तुम्ही काम करताय, डेटा फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर आहे आणि तुमचा माणूस भारतातून डॅशबोर्ड उघडून फक्त बघतो, तर ते हस्तांतरण आहे. एकही फाइल उतरवली नाही तरी. म्हणूनच तक्त्यात 'कोण कुठून उघडतं' हा रकाना आहे.

हस्तांतरणाचे मार्ग असे. संघाने ज्या देशाचा कायदा पुरेसा मानलाय तिथे सरळ पाठवता येतं: जपान, दक्षिण कोरिया, ब्रिटन त्यांत आहेत, भारत नाही. अमेरिकेसाठी जुलै २०२३ पासून डेटा प्रायव्हसी फ्रेमवर्क आहे, पण ते त्यात नाव नोंदवलेल्या कंपन्यांपुरतंच. सेवा घेण्याआधी यादीत नाव शोधा. बाकीच्यांसाठी २०२१ ची प्रमाणित करार-कलमं. त्यांचे चार प्रकार आहेत, डेटाचा मालक कोण आणि केवळ प्रक्रिया करणारा कोण यावरून प्रकार निवडायचा. कलमांचा मजकूर बदलता येत नाही, पण परिशिष्टं तुम्हीच भरायची असतात: कोणता डेटा, किती वेळा, कोणती सुरक्षा, पुढे कोणाला जातो. सहीचे करार मागवून पाहिले तर परिशिष्टं कोरी सापडतात, आणि कोऱ्या परिशिष्टांच्या कराराला काही किंमत नसते. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या जुलै २०२० च्या श्रेम्स-दोन निकालापासून, ज्या देशात डेटा जातोय तिथलं सरकार तो कसा मागू शकतं याचं लेखी मूल्यमापनही जोडावं लागतं. मे २०२३ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटाला झालेला १.२ अब्ज युरोंचा दंड याच हस्तांतरणाच्या प्रश्नावर होता.

सर्व्हरचा देश आणि कंपनीचा देश वेगळे असू शकतात. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्याप्रमाणे अमेरिकी अधिकारक्षेत्रातल्या सेवादात्याला, डेटा जगात कुठेही ठेवला असला तरी, वैध आदेश आल्यावर तो द्यावा लागतो. सर्व्हरसाठी आयर्लंडमधलं डब्लिन निवडल्याने यातून सुटका होत नाही. संवेदनशील माहिती असेल तर ती आधी स्वतःकडे कूटबद्ध करून मग वर चढवा आणि किल्ली सेवादात्याकडे ठेवू नका. सगळ्याच डेटाला हे करू नका. शोध आणि अहवाल चालेनासे होतात आणि महिनाभरात कोणीतरी किल्ली कोडमध्येच लिहून ठेवतं.

'डेटा देशातच ठेवा' या आदेशाची रूपं निरनिराळी आहेत. रशियाचा नियम १ सप्टेंबर २०१५ पासूनचा: रशियन नागरिकांची माहिती आधी रशियातल्या डेटाबेसमध्ये नोंदवायची. तो पाळला नाही म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये लिंक्डइन तिथे बंद झालं. भारतात रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश पेमेंटच्या माहितीबद्दल आहे: प्रक्रिया परदेशात झालीच तर तिकडची प्रत पुसून एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यांपैकी जे आधी येईल त्या वेळेत भारतात आणायची. तो पेमेंट चालवणाऱ्यांवर आहे, दुकानावर नाही. पण ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाने कार्ड क्रमांक साठवायचाच नाही, टोकन (क्रमांकाऐवजी वापरायचा सांकेतिक आकडा) ठेवायचं. चीनचा वैयक्तिक माहिती कायदा नोव्हेंबर २०२१ पासूनचा. मार्च २०२४ च्या सवलतीनुसार वर्षभरात १ लाखापेक्षा कमी लोकांची, संवेदनशील नसलेली माहिती बाहेर नेताना सरकारी मूल्यमापन किंवा प्रमाणित करार लागत नाही. १० लाखांच्या वर गेलात की मूल्यमापन सक्तीचं. म्हणून चिनी ग्राहकांचा आकडा दरमहा पाहा, वर्षअखेरीस नको.

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. भारतातल्या लोकांना माल विकणारा बाहेरचा विक्रेताही त्याच्या कक्षेत आहे. डेटा परदेशी नेण्यावर सरसकट बंदी नाही. सरकार ज्या देशांबाबत वा ज्या अटींवर मनाई करेल तेवढंच थांबतं. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यायची आहे, म्हणजे मराठीतही. तो मजकूर आत्ताच लिहून घ्या, यंत्राने केलेलं भाषांतर वादात टिकणार नाही. सुरक्षेत ढिलाई सापडली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

वयाचा मुद्दा कोर्स आणि खेळ विकणाऱ्यांना चावतो. पालकांची संमती कोणत्या वयापर्यंत लागते? भारतात १८, अमेरिकेच्या कोप्पा या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यात १३, युरोपात १६, पण सदस्य देश ते १३ पर्यंत खाली आणू शकतात. नोंदणीच्या पानावर आधी देश विचारा, मग जन्मवर्ष. 'मी १८ वर्षांचा आहे' या टिकेवर भारतात विसंबून राहू नका.

पुसण्याचा हक्क आणि हिशेब जपण्याचं बंधन यांची टक्कर होते असं वाटतं: ग्राहक म्हणतो सगळं पुसा, करखातं म्हणतं १० वर्षं ठेवा. जीडीपीआरमध्येच कायदेशीर बंधनाची सूट आहे, फक्त ती हिशेबाच्या नोंदीपुरती आहे. त्यामुळे बिलं आणि देशाचे पुरावे एका वेगळ्या कोठारात ठेवा आणि ग्राहकाचं खातं, चॅट, आवडीनिवडी दुसरीकडे. विनंती आली की दुसरं कोठार पूर्ण पुसायचं, पहिल्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच टेबलात असतील तर पुसणारा माणूस एकतर सगळं उडवतो किंवा काहीच पुसत नाही.

गळती झाल्यावर तीन घड्याळं एकदम सुरू होतात. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. लॉग, म्हणजे यंत्रणेच्या नोंदी, १८० दिवसांचे जपलेले हवेत. युरोपात नियामकाला ७२ तास. आणि संघात कार्यालय नसेल तर एका नियामकाला कळवून भागत नाही, ज्या ज्या देशातले लोक बाधित झाले तिथल्या प्रत्येकाला कळवावं लागतं. भारताच्या नव्या नियमांत डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील, आणि गळती लहान असो वा मोठी, प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवायचं. ६ तासांत पत्राचा मसुदा लिहीत बसायला वेळ नसतो. रिकाम्या जागा असलेली तीन पत्रं आजच तयार ठेवा आणि कोण पाठवेल त्याचं नाव लिहून ठेवा, रजेवर असेल तर दुसरं.

कॉपीराइट: कागदावर देश आणि मुदत लिहा

१८८६ च्या बर्न करारामुळे कृती तयार झाली की नोंदणीशिवाय सदस्य देशांत हक्क मिळतो. म्हणून 'जगभर एकच कॉपीराइट' अशी समजूत होते. प्रत्यक्षात प्रत्येक देश आपापला कायदा लावतो.

मुदतीचंच पाहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०, मेक्सिकोत १००. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या जुन्या कृतींना प्रकाशनापासून जास्तीत जास्त ९५ वर्षं, मग लेखक कधीही गेलेला असो. १ जानेवारी २०२६ ला १९३० सालच्या कृती मोकळ्या झाल्या. १९६० मध्ये वारलेल्या फ्रेंच लेखकाचं पुस्तक भारतात १ जानेवारी २०२१ पासून मुक्त आहे, फ्रान्समध्ये २०३० संपेपर्यंत नाही. जुनी पुस्तकं ऑनलाइन मोफत देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संस्थेला हेच भोवलं: अमेरिकेत मुक्त असलेल्या तीन जर्मन लेखकांच्या १८ कृतींवरून फ्रँकफर्टच्या न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल विरुद्ध दिला, संस्थेने सगळं संकेतस्थळच जर्मनीसाठी बंद केलं आणि ते २०२१ मध्ये समझोता झाल्यावर उघडलं. जुन्या कृती विकणाऱ्याने कृतीगणिक देश बंद करायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी.

सर्वांत महाग पडणारी चूक बाहेरच्या कलाकाराशी केलेल्या करारात असते. भारतीय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क-हस्तांतरणाच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे 'सर्व हक्क कंपनीकडे' एवढंच लिहून घेतलेलं चित्र तुम्ही जर्मनीत विकत असाल, तर तो हक्क तुमच्याकडे नाहीच. कागदावर लिहा: कोणते हक्क, 'संपूर्ण जगासाठी', 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी', मोबदला किती, आणि 'वर्षभरात न वापरल्यास हक्क संपुष्टात येणार नाही'. दोघांच्या सह्या.

कलाकार जर्मन असेल तर वेगळंच: तिथे कॉपीराइट विकताच येत नाही, फक्त वापराचा परवाना देता येतो, तेव्हा 'अनन्य, जागतिक, कायमचा वापर-परवाना' असं लिहा. अमेरिकी स्वतंत्र कलाकाराकडून 'वर्क फॉर हायर' (काम सांगणाराच मूळ हक्कदार) असं लिहून घेतलं तरी ते कायद्यातल्या नऊ प्रकारांतच चालतं. सोबत हस्तांतरणाचं कलमही घाला.

विकत घेतलेलं चित्र, संगीत, फॉन्ट यांच्या परवान्याची पीडीएफ आणि खरेदीच्या दिवशीच्या अटींच्या पानाची प्रत जपा. अटी नंतर बदलतात, आणि वादात खरेदीच्या दिवशीचा मजकूरच कामाला येतो.

माहितीचा साठा विकत असाल तर एक खाचखळगा आहे. अमेरिकेत नुसत्या तथ्यांच्या यादीला कॉपीराइट नाही, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या फाइस्ट निकालापासून हे पक्कं आहे. युरोपीय संघात मात्र, मोठा खर्च करून उभ्या केलेल्या साठ्याला १५ वर्षांचा वेगळा हक्क मिळतो, तो करणारा तिथला असेल तर. अमेरिकेत बसून युरोपीय यादी उचलणं आणि ती युरोपात विकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उद्धरणाची मोकळीकही सारखी नाही. अमेरिकेचा 'फेअर यूज' चार कसोट्यांवर तोलला जातो. भारताच्या कलम ५२ मध्ये आणि युरोपात ठरावीक अपवादांच्या याद्या आहेत. एआयला शिकवण्यासाठी मजकूर घेण्याबद्दल जपानचं कलम ३०-४ बरंच सैल आहे. युरोपात हक्कदाराने यंत्राला वाचता येईल अशा रीतीने मनाई केली की व्यापारी वापर थांबतो. तुमचा मजकूर वाचवायचा असेल तर संकेतस्थळाच्या रोबोट्स फाइलमध्ये (यंत्रांनी काय वाचू नये हे सांगणाऱ्या) मनाई घाला आणि अटींच्या पानावरही लिहा.

नोटीस आली तर

तुमच्या मंचावर इतर लोक काही चढवत असतील तर तक्रार येणारच. अमेरिकी डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याचं संरक्षण हवं असेल तर तिथल्या कॉपीराइट कार्यालयात प्रतिनिधीचं नाव नोंदवा. शुल्क ६ डॉलर, दर तीन वर्षांनी नूतनीकरण. ते राहून गेलं तर संरक्षण जातं. आलेल्या नोटिशीत हे आहे का ते तपासा: सही, मूळ कृती कोणती, हरकत असलेल्या फाइलचा नेमका पत्ता, संपर्क, सद्भावनेने तक्रार करतोय असं विधान, आणि माहिती खरी असल्याचं व खोटी ठरल्यास शिक्षेस पात्र राहून हक्कदाराच्या वतीने बोलत असल्याचं विधान. 'तुमच्या साइटवर माझी चित्रं आहेत' एवढं पुरत नाही. नेमका पत्ता मागा, पण मागताना तारीख-वेळ नोंदवा.

फाइल काढल्यावर चढवणाऱ्याला कळवा. त्याने प्रतिनोटीस (फाइल चुकून काढली अशी लेखी हरकत) दिली आणि तक्रारदार न्यायालयात गेला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत फाइल परत लावायची. भारतात कॉपीराइट नियम ७५ प्रमाणे तक्रारीनंतर ३६ तासांत प्रवेश बंद करायचा, तो २१ दिवसांपुरता. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर परत उघडता येतं. युरोपात डिजिटल सेवा कायद्याप्रमाणे, फेब्रुवारी २०२४ पासून, काढण्यामागचं कारण चढवणाऱ्याला लेखी द्यावं लागतं, आणि या कलमातून लहान कंपन्यांनाही सूट नाही.

तीन देशांची तीन घड्याळं वेगळी सांभाळण्यापेक्षा एकच अंतर्गत नियम करा: पूर्ण नोटीस आली की २४ तासांत फाइल झाका, पुसू नका, कारण लिहून दोघांना पाठवा, आणि परत उघडायची तारीख चढवणाऱ्याच्या देशानुसार कॅलेंडरवर टाका. पुसलेली फाइल प्रतिनोटीस आल्यावर परत लावता येत नाही, आणि मग तक्रारदाराऐवजी चढवणारा तुमच्यावर दावा लावतो.